गिऱ्हाईक उठलं की घंटा

अप्पांच्या खुर्च्यांच्या दुकानात एकच नियम होता. गिऱ्हाईक उठलं की अप्पांनीही उठायचं. मग हातात गरम चहा असो नाहीतर मांडीवर उलगडलेलं वर्तमानपत्र असो. गिऱ्हाईक दाराकडे निघालं की अप्पा मागोमाग निघायचे आणि त्याने दाराच्या मुठीला हात घातला की अगदी हळू आवाजात विचारायचे, "काय बोचलं?"

किंमत कमी करतो म्हणायचे नाहीत की पुन्हा या म्हणायचे नाहीत. खुर्ची विकत घेऊन निघालेल्यालाही ते हेच विचारायचे. कोणी सांगायचं, पाठीला मधली पट्टी लागते. कोणी सांगायचं, बायकोला विचारून येतो. अप्पा पट्टीचं मिस्त्रींच्या कानावर घालायचे आणि बायकोचं सोडून द्यायचे. अशा बोचण्या गोळा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांच्या खुर्च्या त्यामुळे इतक्या सुखाच्या झाल्या होत्या की अमका खुर्ची सोडायला तयार नाही अशी बातमी आली, की जग नाक मुरडायचं आणि अप्पांच्या घरात कौतुकाने विचारलं जायचं, आपलीच ना?

पण हल्ली दुकानातून उठायला आधी बसायलाच कोणी येत नव्हतं. लोक फोनवर खुर्ची बघत, फोनवरच मागवत आणि घरी आल्यावर बोचली तर नशिबाला बोल लावत. अप्पांच्या मुलाने स्पष्टच सांगितलं होतं, "हे वर्ष संपलं की दुकान बंद करू. अप्पांनी आता घरी बसावं." यावर अप्पा उठून एका खुर्चीची पट्टी तपासू लागले होते. घाबरल्या होत्या त्या त्यांच्या पत्नी, म्हणजे सुनेच्या सासूबाई.

"हे घरी बसले तर माझं काय होईल?" त्या सुनेला म्हणाल्या. "मी पाणी प्यायला उठले तरी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे येतील आणि विचारतील, काय बोचलं."

आशेला जागा एकच उरली होती. शहराच्या वाद्यवृंदाला सगळ्या वादकांसाठी नव्या खुर्च्या हव्या होत्या. वाद्यवृंद चालवणाऱ्या बाई लाकडाचा नमुना घेऊन गेल्या होत्या आणि जाताना म्हणाल्या होत्या, "तुमची वेबसाइट असेल ना? तिथेच बघते आणि तिथेच मागणी भरते." अप्पांनी मान डोलावली होती. वेबसाइट अर्थातच नव्हती. हे काम मिळालं तर दुकान तरणार होतं आणि नाही मिळालं तर मुलाचं म्हणणं खरं ठरणार होतं.

सून वेबसाइट बनवण्याचंच काम करायची. दुकानावरच्या माळ्यावर बसून ती साऱ्या जगाची पानं रंगवायची, फक्त सासऱ्यांनी कधी मागितलं नव्हतं म्हणून त्यांचं पान राहून गेलं होतं. आता तिने पदर खोचला. खुर्च्यांचे फोटो काढले, मापं टाकली, मागणी भरायचं पान केलं. दुकानात प्रत्येक खुर्चीला एका धंद्याचं नाव होतं. "वकील" पाठीला ताठ होती, "न्हावी" फिरायची, "लेखनिक" टेबलापाशी बसायची. सगळं तयार झाल्यावर तिने अप्पांना दाखवलं.

"झकास," अप्पा म्हणाले. "आता एक सांग. गिऱ्हाईक उठलं की मला कळेल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे बघता बघता निघून गेलं तर?"

"कळेल की. पान सोडताना ब्राउझर जाता जाता एक निरोप पाठवतो. तो पकडायचा. सोपं आहे."

संगणकाचं काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून "सोपं आहे" निघालं की शहाण्या माणसाने संध्याकाळचे बेत रद्द करावेत. पण अप्पांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ते खुशीत पुढे सरकले. "मग मला त्याला विचारताही येईल?"

सुनेने खटपट करून त्याचीही सोय केली. पान बंद करायला गेलं की एक चौकट यायची. अप्पांनी चष्मा लावून ती वाचली. तिच्यात लिहिलं होतं, तुम्हाला नक्की हे पान सोडायचं आहे का?

"हे कोण विचारतंय?"

"ब्राउझर."

"आपलं 'काय बोचलं' कुठे आहे?"

"तो आपले शब्द वापरू देत नाही, अप्पा. पूर्वी लोकांनी त्यात वाट्टेल ते लिहून गिऱ्हाइकांना छळलं, म्हणून आता सगळ्यांच्या वतीने तो स्वतःच विचारतो."

"म्हणजे दुकान माझं, दार माझं आणि दारात उभा राहून भलताच कोणी माझ्या गिऱ्हाइकाची झडती घेणार?" अप्पांचा चेहरा उतरला. "काढून टाक बाई. विचारता येत नसेल तर राहू दे. पण कळलं पाहिजे."

सुनेने ती चौकट सगळ्या पानांवरून काढून टाकली. निदान तिला तरी तसं वाटलं.

कळण्यासाठी मात्र तिने नामी युक्ती केली. दुकानाच्या मागच्या दाराशी एक विजेची घंटा होती. लाकडाची गाडी आली की ती वाजायची आणि करवतीच्या आवाजातही मिस्त्रींना ऐकू जावी अशी तिची छाती होती. सुनेने ती उतरवून अप्पांच्या टेबलाशेजारी लावली आणि वेबसाइटला जोडून दिली. वेबसाइटवरून गिऱ्हाईक उठलं की दुकानात घंटा. अप्पांनी घंटेवर प्रेमाने हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेबसाइट सुरू झाली, माळ्यावर सून तिच्यावर शेवटचा हात फिरवायला बसली आणि थोड्याच वेळात पहिली घंटा वाजली. अप्पा उठले. इतक्या वर्षांची सवय पायांत होती, पाय थेट दाराकडे गेले. त्यांनी दार उघडलं, रिकाम्या पायरीकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय बोचलं?"

"उजवा बूट," समोरून चाललेला पोस्टमन म्हणाला आणि पुढे गेला.

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला मिस्त्री मागचं दार उघडून रस्त्यावर गाडी शोधत होते. ही घंटा म्हणजे लाकूड आलं, हे त्यांच्याही अंगात भिनलेलं होतं. गाडी दिसेना तेव्हा ते डोकं खाजवत परत आले. तेवढ्यात घंटा पुन्हा वाजली. अप्पा पुढच्या दाराकडे गेले, मिस्त्री मागच्या. दोघं परत येऊन टेकतात न टेकतात तोच तिसऱ्यांदा वाजली. दुकानाच्या मधोमध दोघांची टक्कर होता होता वाचली.

"चांगलंच आहे की," सून जिन्यातून म्हणाली. "म्हणजे बघणारे खूप आहेत."

"बघणारे नाही, बाळ," अप्पा गुडघे चोळत म्हणाले. "जाणारे खूप आहेत."

सुनेला हे लागलं. तिने वर जाऊन डोकं चालवलं आणि गोम तिच्या लक्षात आली. माणूस पान सोडून गेला तरी ब्राउझर तोच निरोप देतो आणि त्याने तेच पान नुसतं रिफ्रेश केलं तरीही तोच देतो. पायात चपला घालणारा माणूस घर सोडून चाललाय की कोपऱ्यावर जाऊन येतोय, हे चपलांच्या आवाजावरून कसं कळणार? बसल्या जागी पान ताजं करणाऱ्या माणसालाही घंटा पळपुटा ठरवत होती.

"अप्पा, चूक घंटेची आहे. मी आत्ता दुरुस्त करते," ती वरून ओरडली. तिने काहीतरी बदललं. घंटा वाजली. तिने तो बदल मागे घेऊन दुसरा केला. घंटा वाजली. तिने ओठ आवळून सगळा भाग पुन्हा लिहायला घेतला, तशी घंटेला जोरच चढला.

खाली मिस्त्री काकुळतीला आले होते. "मालक, पटाशी हातात असताना ही वाजते. एखाद दिवशी बोट जाईल माझं."

"उठू नका ना मग."

"तुम्ही तरी बसता का?"

 अप्पा खुर्चीच्या काठावर, अर्धे बसून अर्धे उठून घंटेची वाट बघत राहिले. मग हळूहळू त्यांची मान एका बाजूला कलली. रेडिओ ऐकावा तसे ते काहीतरी ऐकू लागले. घंटा वाजली तरी या वेळी ते उठले नाहीत.

"सूनबाई," त्यांनी वर पाहून हाक मारली, "हे जाणारे सगळे वेगवेगळे आहेत का एकच कोणी आहे?"

सुनेने नोंदी तपासल्या. वेबसाइट कोणाचं नाव सांगत नसे, पण तोच माणूस परत आला तर ओळखत असे. "एकच आहे बहुतेक, अप्पा. एकच कोणीतरी सकाळपासून येतंय, जातंय, पुन्हा येतंय."

"कुठल्या खुर्चीपाशी?"

"लेखनिक."

अप्पा थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, एक 'लेखनिक' घ्या इकडे. हिचे हात काढा."

मिस्त्रींना वाटलं घंटेने मालकांच्या डोक्यावर परिणाम झाला. "चांगले शिसवीचे हात आहेत. कशाला काढायचे?"

"टेबलाला आपटत असणार. माणूस पुढे सरकून काम करत असेल तर हात मध्ये येतात."

"कोण माणूस?"

"गिऱ्हाईक," अप्पा म्हणाले. "उठतंय, बसतंय. त्याला बोचतंय काहीतरी."

मिस्त्रींनी हात काढले. अप्पांनी खुर्ची फिरवून फिरवून पाहिली आणि सुनेला खाली बोलावलं. "जरा बसून दाखव."

"मी कशाला?"

"गिऱ्हाईक तुझ्याच उंचीचं असावं."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज."

सून कपाळाला आठ्या घालून बसली. अप्पा खाली वाकून तिचे पाय बघू लागले. "टाचा टेकत नाहीत. मिस्त्री, खुर्चीचे पाय थोडे उतरवा. बैठकही पुढच्या बाजूला किंचित कलती करा. पुढे वाकणाऱ्या माणसाची कंबर मग आपोआप सरळ राहते."

"अप्पा, फोटोतली खुर्ची कोणाला बोचत नसते हो," सून म्हणाली. तिच्या आवाजात रडू डोकावत होतं. "मला ती घंटा गप्प करायची आहे. बाई कधीही वेबसाइट उघडतील."

"जा, जा. कामाला लाग," अप्पा म्हणाले. ती जिना चढून वर गेली, तिच्या खुर्चीत बसली आणि थोड्याच वेळात घंटा वाजली. अप्पांनी मिस्त्रींकडे पाहून समाधानाने मान डोलावली. मिस्त्रींनी देवाचं नाव घेतलं आणि रंधा उचलला.

दुपारी सासूबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या त्या नेमक्या घंटेच्या मुहूर्तावर. सवयीने मिस्त्री मागच्या दारात गेलेले, अप्पा एक पाय पुढे टाकून मध्येच थांबलेले आणि माळ्यावरून सुनेचं स्वतःलाच बोलणं चाललेलं. सासूबाईंनी हे सगळं नीट पाहून घेतलं. नवरा घरी बसला तर पुढे काय वाढून ठेवलंय, याची ती रंगीत तालीमच होती.

"अहो, हे काय चाललंय?"

"एक गिऱ्हाईक उठबस करतंय," अप्पा म्हणाले.

सासूबाईंनी डबा ठेवला, त्याचं फडकं सोडलं आणि घंटेला घट्ट गुंडाळलं. आता घंटा वाजली की फक्त घसा बसल्यासारखी घरघर व्हायची. शेजारी बसल्याशिवाय ऐकू येत नव्हती, म्हणून सासूबाई स्टूल ओढून तिच्याशेजारी बसल्या आणि घरघर झाली की जाहीर करू लागल्या, "उठलं." थोड्या वेळाने पुन्हा, "उठलं." कामाला शिस्त आली. मिस्त्रींचं मागच्या दाराकडे धावणंही थांबलं.

"लेखनिक" आता ओळखू येत नव्हती. हात गेले होते, पाय उतरले होते, बैठक पुढे कलली होती. "आता सांधे बघा," अप्पांनी सांगितलं. "जराही कुरकुर नको. पुढे वाकलं, मागे रेललं, कसंही बसलं तरी आवाज येता कामा नये." मिस्त्रींनी सगळे सांधे उकलले, नव्याने ठोकून बसवले आणि स्वतः त्यावर आडवेतिडवे बसून पाहिलं. खुर्ची मुकाट राहिली.

अशात दुकानाचा फोन वाजला. बाईंचा होता. अप्पांनी सुनेला खाली बोलावून तो तिच्या हातात दिला.

"तुमची ती वेबसाइट," बाई आधीच तापलेल्या होत्या. "मी मागणीचं पान भरत होते. मध्येच मापं बघायला मागे गेले, तर ती विचारते, तुम्हाला नक्की हे पान सोडायचं आहे का? म्हटलं, हो. तर माझं भरलेलं सगळं पुसलं. पुन्हा भरलं, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा सगळं पुसलं. खुर्च्या विकताय का लोकांना कोंडून ठेवताय?"

"बाई, ती चौकट चुकून त्या एका पानावर..."

"मी एका मोठ्या शोरूमकडूनही भाव घेतलाय, त्यांनाच होकार कळवते आहे. तुमच्या लाकडाचा नमुना माझ्याकडे आहे. तालीम संपली की तो द्यायला येते आणि काय ते तोंडावरच सांगते." फोन बंद झाला.

सुनेने खाली कोणाकडे पाहिलं नाही. ती वर गेली आणि मागणीच्या पानावरची चौकट काढून टाकली. सेव्हची कळ दाबली.

"उठलं," खालून सासूबाईंचा आवाज आला.

तिने एक स्वल्पविराम नीट केला. सेव्ह.

"उठलं."

सुनेचे हात कळांवरच थांबले. तिने बोटं उचलून मांडीवर ठेवली. खाली शांतता. तिने बराच वेळ काहीच केलं नाही, खालीही कोणी उठलं नाही. मग तिने काहीही न बदलता नुसतीच सेव्हची कळ दाबली.

"उठलं," सासूबाई म्हणाल्या.

तिने पडद्याच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. आपला बदल लगेच दिसावा म्हणून तिने सकाळपासून पडद्याच्या एका बाजूला आपलीच वेबसाइट उघडून ठेवली होती आणि सेव्ह केलं की ते पान आपोआप रिफ्रेश व्हावं अशी सोय केली होती. आणि ते पान होतं "लेखनिक"चं. म्हणजे ती घंटा दुरुस्त करायची, पान ताजं व्हायचं आणि घंटा वाजायची. वाजली म्हणून ती पुन्हा दुरुस्त करायची. सकाळपासून येणारं, जाणारं, अप्पांच्या गुडघ्यांचं भुसकट करणारं ते चंचल गिऱ्हाईक माळ्यावरच बसलं होतं.

ती कबुली द्यायला जिन्यात आली, पण बाई तिच्या आधी दारात पोचल्या होत्या. हातात व्हायोलिनची पेटी, काखेत लाकडाचा नमुना आणि चेहऱ्यावर तालमीत बेसूर वाजवणाऱ्या सगळ्यांवरचा राग. पेटी त्यांनी दाराशी ठेवली, नमुना टेबलावर आपटला आणि बोलायला सुरुवात केली.

"तुमच्याबद्दल मला आदर आहे, म्हणून स्वतः आले. पण ज्या दुकानातून माणसाला सुखाने बाहेर पडता येत नाही तिथे आमची मंडळी..." दिवसभर उभं राहून हात हलवून त्या दमल्या होत्या. बोलता बोलता जी खुर्ची जवळ होती तिच्यावर बसल्या. ती होती मुंडण झालेली "लेखनिक". "तिथे आमची मंडळी काय म्हणून..." रागाने त्या पुढे वाकल्या. मग थांबल्या. मागे रेलल्या. पुन्हा पुढे वाकल्या. दोन्ही कोपरं बाजूला पसरून पाहिली, ती कशालाच आपटली नाहीत.

"ही कुठली?"

"लेखनिक," अप्पा म्हणाले.

"लेखनिकला हात होते. मी फोटो पाहिलाय."

"सकाळपर्यंत होते."

बाई उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

"उठलं," सासूबाई सवयीने म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

अप्पाही उठले. सून जिन्याच्या आणखी एक पायरी खाली आली. अप्पांनी विचारून मोकळं व्हावं असं तिला वाटत होतं, पण अप्पा घाई करत नव्हते. ते फक्त बाईंच्या हाताकडे बघत होते. हात दाराच्या मुठीपाशी गेला, मुठीला न लागता खाली वळला आणि त्याने व्हायोलिनची पेटी उचलली. बाई परत येऊन त्याच खुर्चीत बसल्या. अप्पा आपल्या जागी गेले. सुनेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उठलेला माणूस गेलेला नसतो. मुठीला हात लागेपर्यंत थांबायचं असतं.

बाईंनी व्हायोलिन खांद्याला लावलं आणि वाजवायला सुरुवात केली. आधी सावकाश, मग असं काही जोरात की त्या खुर्चीत पुढे मागे झुलत होत्या, गज हवेत भिरभिरत होता आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्याही ऐकत बसल्यासारख्या वाटत होत्या. मिस्त्रींचा रंधा हातातच राहिला. सासूबाईंनी घंटेवर हात ठेवला, न जाणो. सूर थांबले तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, एवढ्या झुलण्यात खुर्चीने चकार शब्द काढला नव्हता.

"आमच्या तालमीत वादक वाजतात त्याहून जास्त खुर्च्या वाजतात," बाई म्हणाल्या. "हात नसलेली, पुढे कललेली, कुरकुर न करणारी खुर्ची मी किती दुकानांत मागितली. सगळे म्हणाले, असली कोणी करत नाही. तुम्हाला ही कशी सुचली?"

"एक गिऱ्हाईक होतं," अप्पा म्हणाले. "सकाळपासून उठबस करत होतं."

"त्याचे उपकार झाले म्हणायचे. सगळ्या वाद्यवृंदाला हीच पाहिजे. शोरूमला मी नकार कळवते. आणि ही आत्ताच गाडीत टाका, मी घेऊन जाते."

"तशा सगळ्या करून देतो," अप्पा म्हणाले. "पण ही देता येणार नाही. ही गेलेली आहे."

सुनेने चमकून पाहिलं. सकाळपासून दुकानात दुसरं कोणी फिरकलंही नव्हतं, मग ही विकली कधी? बाईंनी हळहळत खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, पेटी उचलली आणि निघाल्या. अप्पा उठले. या वेळी बाईंचा हात खरोखर मुठीवर पडला आणि अप्पांनी हळूच विचारलं, "काय बोचलं?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "खुर्ची नाही," त्या म्हणाल्या. "वेबसाइट."

दार बंद झालं. सासूबाईंनी मुलाला लगेच फोन लावला. "हे बघ, दुकान चालू राहणार. तुझे वडील घरी बसत नाहीत," एवढं सांगून त्यांनी त्याला पुढे बोलू न देता फोन ठेवून दिला. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा असा फुलला होता. मिस्त्री लाकूड किती लागेल याची स्वतःशीच जुळवाजुळव करू लागले. सून मात्र शेवटच्या पायरीवर तशीच उभी होती.

"अप्पा, तुम्हाला एक सांगायचंय. ते उठबस करणारं गिऱ्हाईक मीच होते."

"म्हणजे दिवसभर मी हिच्या नावाने उठलं उठलं करत होते?" सासूबाई म्हणाल्या.

"मला माहीत होतं," अप्पा म्हणाले.

"कधीपासून?"

"जेवायच्या आधीपासून. तुझी खुर्ची माझ्या बरोबर डोक्यावर आहे. आधी वर खुर्ची कुरकुरायची, मग खाली घंटा वाजायची. दर वेळी तसंच. घंटेचं तंत्र मला काय कळणार? पण खुर्चीत माणूस सुखाने बसलाय का नाही, हे मला भिंतीपलीकडूनही कळतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

अप्पा जरा घुटमळले. "तू या घरात आल्यापासून आमच्या त्या टाकून दिलेल्या खुर्चीवर बसतेस. रोज कमरेवर हात ठेवून जिना उतरतेस. सगळ्या जगाला मी दारात गाठून विचारतो आणि घरातल्या माणसाला कधी विचारलं नाही. आज घंटेने आठवण करून दिली. मग म्हटलं, ही विचारून सांगणारी नाही. आधी खुर्ची करावी."

सुनेने पायरी उतरून त्या बिनहातांच्या खुर्चीला हात लावला.  "मग ही गेलेली आहे म्हणालात ती..."

"वर गेलेली आहे," अप्पा म्हणाले. "मिस्त्री, धरा पलीकडून."

खुर्ची माळ्यावर चढली आणि जुनी जळणात गेली. सून बसली, पुढे वाकली आणि तिने घंटेला मुठीपर्यंत थांबायला शिकवलं. पान सोडल्याचा निरोप आला की लगेच वाजायचं नाही. थोडं थांबायचं, तोच माणूस परत आला तर गप्प राहायचं. स्वतःचं पान तिने घंटेपासून तोडून टाकलं. सासूबाईंनी फडकं सोडून घेतलं आणि रिकामा डबा त्यात बांधून घरी नेला.

संध्याकाळ झाली. बाईंनी वाद्यवृंदात सगळ्यांना सांगितलं असावं, कारण सुनेच्या पडद्यावर बघणाऱ्यांची गर्दी वाढत चालली होती. कोणी मापं बघत होतं, कोणी फोटो मोठा करून सांधे न्याहाळत होतं. खाली अप्पा घंटेकडे तोंड करून, एक पाय पुढे ठेवून तयारीत बसले होते. बराच वेळ गेला. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"सूनबाई, घंटा बिघडली का गं?"

"नाही, अप्पा. नीट चालू आहे."

"मग वाजत का नाही? गिऱ्हाईक आहे ना पानावर?"

"चिकार आहेत," वरून आवाज आला. त्या आवाजामागे कुरकुर मात्र नव्हती. "अजून कोणी उठलेलंच नाही."

अप्पांनी पुढे टाकलेला पाय मागे घेतला आणि दिवसभरात पहिल्यांदाच पाठ टेकून बसले.